उतार टिकेल का? सोलापूरच्या मातीत स्लोप स्टॅबिलिटी कशी तपासायची

सोलापुरात कुणापाशी उताराच्या सुरक्षिततेचा विषय काढा, बहुतेक वेळा एकच उत्तर येतं: "दरडी तिकडे घाटात कोसळतात, आपलं सगळं सपाट रान." माळीण, तळिये, इर्शाळवाडी ही नावं आपल्याला ठाऊक आहेत आणि ती सह्याद्रीतली आहेत, हे खरंच. पण एकदा मोहोळ, माढा, पंढरपूर, सांगोला असं फिरताना नुसते उतार मोजत जा. उजनीच्या कालव्यांचे भराव, पाझर तलावांचे बांध, उड्डाणपुलाला चढणारे रस्ते, हजारो शेततळी, तळघरासाठी खोदलेले खड्डे, खडीच्या खाणी. हे सगळे माणसाने केलेले उतार आहेत. त्यातले कितीतरी काळ्या मातीत आहेत, आणि ती माती उन्हाळ्यात भेगाळून दगडासारखी होते, तर परतीच्या पावसात लोण्यासारखी.

हा लेख स्थापत्याच्या शेवटच्या वर्षातल्या मुलांसाठी, साईटवरच्या तरुण इंजिनिअरांसाठी आणि स्वतःच्या शेततळ्याची काळजी असलेल्या जाणत्या शेतकऱ्यांसाठी लिहितो आहे. पद्धती सगळ्या सांगणार आहे, पण एक गोष्ट आधीच बजावतो. पद्धत बदलल्याने उत्तर थोडं हलतं. पाणी आणि मातीची ताकद बदलली की उत्तर कोसळतं. हे नुसतं म्हणण्यापेक्षा पुढे एक भराव हाताने सोडवून आकड्यांतच दाखवतो.

आधी पायी फिरा

संगणक उघडण्याआधी उतार दोनदा चालून या: एकदा मे महिन्यात, एकदा सप्टेंबर-ऑक्टोबरात. मे महिन्यात भरावाच्या पायथ्याशी हिरव्या गवताचा पट्टा दिसला, तर तिथे पाणी पाझरतं आहे हे समजा. आजूबाजूचं सगळं करपलेलं असताना गवत उगाच हिरवं राहत नाही. माथ्यावर काठाला समांतर भेग आहे का ते बघा. काळ्या मातीच्या वाळण्याच्या भेगा जाळीसारख्या, वेड्यावाकड्या पडतात. घसरणीची भेग लांब, थोडी कमानदार असते आणि तिच्या एका बाजूची माती बोटभर का होईना खाली बसलेली असते. भेगेवर हात आडवा फिरवला तर ही पायरी बोटांना लागते. उतारावरच्या वेड्या बाभळी बुंध्यापाशी वाकून पुन्हा सरळ वर गेल्या असतील, तर ती माती वर्षानुवर्षं हळूहळू सरकते आहे.

गावकऱ्यांना विचारा. ही जागा आधी कधी बसली होती का? जी जागा एकदा घसरली, तिथल्या घसरपट्टीवरची माती आपली मूळ ताकद गमावून बसलेली असते. तिथे नव्या मातीचे आकडे चालत नाहीत.

मग काटछेद घ्या. लेव्हल किंवा टोटल स्टेशन लावून किमान तीन ठिकाणी, आणि पायथ्यापलीकडे उंचीच्या निदान दुप्पट अंतरापर्यंत. उताराचा आकडा लिहिताना घोळ टाळा. आपल्याकडे "दोनास एक" म्हणजे दोन आडवे, एक उभा. काही जण उलट लिहितात आणि त्याच नकाशावर दुसरा माणूस भलताच उतार काढतो. म्हणून आकड्याशेजारी "आडवे" आणि "उभे" हे शब्द लिहाच.

माती: कोणते आकडे, कोणत्या चाचणीतून

सोलापूरचा थर साधारण ओळखीचा आहे. वर काळी माती, कुठे हातभर तर नदीकाठी कित्येक मीटर. खाली मुरूम, त्याखाली झिजलेला आणि मग पक्का काळा पाषाण. प्रश्न बहुधा वरच्या दोन थरांत असतो. चाचणी खड्डे पोकलेनने खोदा, पण नमुना हाताने काढा. कोअर कटरने जागेवरची घनता घ्या.

वर्गीकरणासाठी लिक्विड आणि प्लॅस्टिक लिमिट (किती ओलाव्याला माती पातळ होते आणि किती ओलाव्याला मळता येते), आणि काळ्या मातीसाठी फ्री स्वेल इंडेक्स (पाण्यात ती किती टक्के फुगते), म्हणजे मातीच्या चाचण्यांचं भारतीय मानक आयएस २७२०, त्याचा भाग ५ आणि भाग ४०. रस्त्याच्या भरावासाठी रस्ते मंत्रालयाच्या विनिर्देशांत ५० टक्क्यांहून जास्त फुगणारी माती नाकारली आहे. आपल्याकडची बरीच काळी माती याच मर्यादेवर अडते, आणि ते योग्यच आहे.

ताकद दोन भागांत मिळते. एक मातीचा स्वतःचा चिकटपणा, म्हणजे कोहेजन. दुसरा कणांचं घर्षण, जे वरच्या दाबावर अवलंबून असतं. पण तो दाब पूर्ण धरायचा नाही. त्यातून कणांमधल्या पाण्याचा दाब वजा करायचा आणि उरलेल्याला घर्षण कोनाच्या टॅनने गुणायचं. या एका वजाबाकीवर पुढचं सगळं उभं आहे.

इथे एक चूक मला अहवालामागून अहवालात दिसते. डायरेक्ट शिअर चाचणी मिनिटाला १.२५ मिलिमीटर वेगाने चालवायची आणि आलेले आकडे "इफेक्टिव्ह", म्हणजे पाण्याचा दाब वजा केलेले, म्हणून लिहायचे. वाळूला तो वेग ठीक आहे. चिकण काळ्या मातीतलं पाणी त्या वेगाने बाहेर पडतच नाही. ती चाचणी ना धड निचऱ्याची राहते, ना धड बिननिचऱ्याची. चिकण मातीसाठी आधी कन्सॉलिडेशनचा, म्हणजे भाराखाली पाणी बाहेर पडत माती दबण्याचा, आलेख काढा आणि त्यावरून वेग ठरवा. एका नमुन्याला दिवस लागला तरी लागू द्या. ट्रायॲक्सियलची (नमुन्यावर चोहोबाजूंनी दाब देणाऱ्या चाचणीची) सोय असेल तर पोअर प्रेशर, म्हणजे कणांमधल्या पाण्याचा दाब, मोजत केलेली कन्सॉलिडेटेड अनड्रेन्ड चाचणी, आयएस २७२० चा भाग १२, सगळ्यात उपयोगी. तीत निचऱ्याचे आणि बिननिचऱ्याचे, दोन्ही प्रकारचे आकडे एकदम हाती येतात.

आणखी एक गोष्ट काळ्या मातीची खास. ती दरवर्षी वाळते, भेगाळते, पुन्हा फुगते. काही वर्षांत वरच्या एक-दीड मीटर थराचा चिकटपणा जवळजवळ निघून जातो. ताज्या दाबलेल्या नमुन्यात प्रति चौरस मीटर २० किलोन्यूटन चिकटपणा आला म्हणून तोच दहा वर्षांनंतरच्या उताराला धरणं धोक्याचं. ब्रिटिश मृदा-अभियंता स्केम्प्टनने १९६४ च्या रँकिन व्याख्यानात लंडनच्या चिकण मातीविषयी हाच मुद्दा मांडला आणि पुढे "पूर्ण मऊ झालेली ताकद" ही कल्पना रुळली. लिक्विड लिमिटच्या आसपास कालवून, पुन्हा कन्सॉलिडेट केलेल्या नमुन्यावर ती मोजता येते. आपल्या काळ्या मातीच्या वरच्या थराला मी तीच धरतो.

पाणी: कोणत्या दिवशीचं गणित करता आहात?

सुरुवातीच्या काळात सांगोला तालुक्यातलं एक शेततळं मी तपासलं होतं. तळं भरलेलं धरून आतला उतार सोडवला, सुरक्षा गुणांक, म्हणजे मातीला धरणारा जोर भागिले खाली खेचणारा जोर, छान आला, कागदावर सही केली. पुढच्या उन्हाळ्यात डाळिंबासाठी त्यांनी आठवड्याभरात तळं उपसलं आणि एका रात्रीत आतल्या बाजूचा दहा-बारा मीटर लांबीचा उतार प्लॅस्टिकच्या कागदासकट खाली आला.

शेतकऱ्यांनी मला काठावर उभं करून विचारलं, "साहेब, कागद तर वरून फाटलेला नव्हता. आणि पाणी काढल्यावर भार कमीच झाला की. मग माती गेली कशी?"

त्या प्रश्नाचं उत्तर मला आधी सुचायला हवं होतं. कागदाच्या एका जोडातून पाणी झिरपून मागची माती भिजलेली होती. तळ्यात पाणी होतं तोवर ते उताराला बाहेरून टेकू देत उभं होतं. तळं उपसलं, टेकू गेला, आणि मातीच्या आतलं पाणी मात्र तिथेच राहिलं, कारण चिकण मातीतून ते आठवड्यात निघत नाही. मी भरलेलं तळं तपासलं होतं, रिकामं होतानाचं तपासलंच नव्हतं. या स्थितीला सडन ड्रॉडाउन म्हणतात. २०२५ च्या सप्टेंबरात सीनेला पूर आला. अशा पुरात पाणी चढत असताना काठ फारसे ढासळत नाहीत, ओसरताना ढासळतात. कारण हेच.

म्हणून प्रत्येक उतारासाठी विचारा: याचा सर्वांत वाईट दिवस कोणता?

मऊ चिकण मातीवर भराव घालत असाल, तर वाईट दिवस काम संपण्याच्या आसपासचा. भार आला, पाण्याचा दाब चढला, तो उतरायला वेळ मिळाला नाही. तिथे बिननिचऱ्याची ताकद वापरा. कटिंग किंवा तळघराचा खड्डा असेल तर नेमकं उलटं. माती काढल्याने भार कमी होतो, आतला पाण्याचा दाब तात्पुरता घटतो आणि भिंत उभी राहते. दिवस जातात तसा तो दाब परत वाढतो. "महिनाभर उभी आहे, आता काय होतंय" हे वाक्य कटिंगच्या बाबतीत चुकीच्या बाजूने बोललं जातं. पाण्याच्या बांधाला तीन दिवस तपासावे लागतात: काम संपताना, भरून दीर्घकाळ पाझरताना, आणि पटकन रिकामा होताना. दीर्घकाळच्या सगळ्या गणितांत इफेक्टिव्ह आकडे आणि पाण्याची खरी पातळी.

ती पातळी मोजायला मोठा खर्च नाही. बोअरमध्ये खालच्या टोकाला छिद्रं पाडलेला पीव्हीसी पाईप उतरवा, भोवती वाळू भरा, वर बेंटोनाइटचा बूच मारा, तोंडाला टोपण. हा झाला साधा पायझोमीटर. पावसाळा संपेपर्यंत दर आठवड्याला दोरीने मोजा. उत्तरा आणि हस्त नक्षत्रांत काय होतं ते वहीत आलं, की निम्मं विश्लेषण झालं.

मोजमाप नसेल तर पोअर प्रेशर गुणांक वापरतात. पाण्याचा दाब भागिले त्या बिंदूवरचा मातीचा दाब. कोरड्या उताराला शून्य. पाणी पृष्ठभागापर्यंत असेल तर साधारण अर्धा.

पहिलं गणित: उतारावरचा पातळ थर

सगळ्यात सोपी पद्धत अनंत उताराची. घसरणारा थर जाडीच्या मानाने खूप लांब आणि उताराला समांतर असेल तेव्हा ती चालते. आपल्या काळ्या मातीच्या भरावांवर पावसाळ्यात जे वरचं कातडं सुटतं, त्याला ती नेमकी लागू पडते.

दीड मीटर जाडीचा मऊ झालेला थर घ्या. घनभार (एका घनमीटर मातीचं वजन) १९ किलोन्यूटन प्रति घनमीटर, चिकटपणा ३ किलोपास्कल (म्हणजे किलोन्यूटन प्रति चौरस मीटर), घर्षण कोन २४ अंश. उतार दोन आडवे, एक उभा. कोरडा असताना सुरक्षा गुणांकात दोन पदं येतात. चिकटपणाचं पद म्हणजे ३ भागिले (१९ गुणिले १.५ गुणिले उतारकोनाचे साइन व कॉस), म्हणजे ३ भागिले ११.४, म्हणजे ०.२६. घर्षणाचं पद म्हणजे टॅन २४ भागिले ०.५, म्हणजे ०.८९. बेरीज १.१५, म्हणजे एकाहून जास्त. उभा आहे.

आता थर पूर्ण भिजला आणि पाणी उताराला समांतर वाहू लागलं. चिकटपणाचं पद तसंच राहतं. घर्षणाच्या पदाला मात्र बुडालेला घनभार भागिले भिजलेला घनभार, म्हणजे ९.१९ भागिले १९, या गुणोत्तराने गुणावं लागतं. ते साधारण ०.४८. म्हणजे घर्षण अर्ध्याहून कमी उरलं: ०.४३. बेरीज ०.६९. थर गेला.

तोच उतार तीनास एक केला तर कोरडा १.६९ आणि भिजलेला बरोबर १.०. म्हणजे इतकी जमीन जास्त देऊनही तो फक्त काठावर आला. निष्कर्ष उघड आहे. काळ्या मातीच्या बाहेरच्या अंगाला मुरमाचं केसिंग घालण्याची आपल्या पाटबंधारे खात्याची जुनी पद्धत केवळ सवयीची नाही. काळी माती हार्टिंगमध्ये, म्हणजे बांधाच्या गाभ्यात, पाणी अडवायला. मुरूम बाहेर, निचऱ्याला आणि वजनाला.

टेलरचा तक्ता

१९३७ मध्ये टेलरने एकाच मातीच्या साध्या उतारासाठी तक्ते दिले. पहिला अंदाज पाच मिनिटांत मिळतो. बिननिचऱ्याच्या चिकण मातीत, पक्का थर खोल असेल आणि उतार ५३ अंशांपेक्षा सपाट असेल, तर स्थिरता अंक ०.१८१. ताकद २५ किलोपास्कल, उंची ६ मीटर, घनभार १९ असेल तर गुणांक २५ भागिले (०.१८१ गुणिले १९ गुणिले ६), म्हणजे साधारण १.२१. थर अनेक असतील, पाणी वाहत असेल, तर तक्ता बाजूला ठेवा.

कापांची पद्धत, हाताने

१९१६ मध्ये स्वीडनच्या गोथेनबर्ग बंदरातला एक धक्का घसरला आणि तिथल्या अभ्यासातून वर्तुळाकार घसरपट्टीची, मातीचे उभे काप पाडून सोडवायची पद्धत पुढे आली. फेलेनियसने तिला रूप दिलं. आपण कॉलेजात तिला स्वीडिश पद्धत म्हणून शिकतो.

उदाहरणासाठी ६ मीटर उंच, दोनास एक उताराचा भराव घ्या. पायथ्याखालची पहिली मीटरभर माती तीच, त्याखाली कठीण मुरूम. घनभार १९, चिकटपणा १० किलोपास्कल, घर्षण कोन २२ अंश. पायथा हा आरंभबिंदू. वर्तुळाचं केंद्र पायथ्यापासून ४ मीटर आत आणि १३ मीटर वर, त्रिज्या १३.६ मीटर. हे वर्तुळ पायथ्यातून निघून माथ्याच्या कडेपासून साधारण ३.६६ मीटर मागे बाहेर पडतं. त्याचे सहा काप पाडले. पहिले चार ३ मीटर रुंदीचे, पाचवा २ मीटरचा, शेवटचा १.६६ मीटरचा.

चौथा काप जवळून बघू. मधली उंची ४.२ मीटर, वजन साधारण २३९ किलोन्यूटन, तळाचा कोन २८.५ अंश. वजन गुणिले साइन म्हणजे खाली खेचणारा जोर: ११४. वजन गुणिले कॉस म्हणजे तळावरचा दाब: २१०. त्याला टॅन २२, म्हणजे ०.४०४ ने गुणलं की घर्षण ८५. तळाची लांबी ३.४ मीटर, त्यामुळे चिकटपणा ३४. एकूण धरणारा जोर ११९, खेचणारा ११४. काप स्वतःपुरता कसाबसा उभा.

आता पोअर प्रेशर गुणांक ०.३ धरा. तळावरच्या दाबातून पाण्याचे ८२ वजा झाले, उरले १२८. घर्षण ५२ वर आलं, धरणारा एकूण जोर ८६. हा काप आता स्वतःला धरू शकत नाही. खालचे काप त्याला टेकू देतात म्हणून तो उभा आहे.

पहिल्या, पायथ्याच्या कापाकडे बघा. तिथे वर्तुळ पायथ्याच्या दिशेने वर चढतं, कोन ऋण आहे, आणि खेचणारा जोर वजा १२ येतो. म्हणजे त्याचं वजन घसरणीला अडवतं. मुरूम पाहिजे म्हणून पायथा खरवडणाऱ्या जेसीबीला हाकलायचं कारण या एका वजा चिन्हात आहे.

सहाही कापांची बेरीज केली: खेचणारा जोर २७६. कोरड्या स्थितीत घर्षण ३०८ आणि चिकटपणा १८१. सुरक्षा गुणांक १.७७. पाण्यासह घर्षण १९३ वर येतं आणि गुणांक १.३५.

फेलेनियस कापांमधले परस्पर जोर सोडून देतो. बिशपने १९५५ मध्ये त्यातले आडवे जोर धरले, फक्त उभे घर्षणाचे जोर सोडले. त्याच्या सूत्रात सुरक्षा गुणांक दोन्ही बाजूंना येतो, म्हणून अंदाज धरून पुन्हा पुन्हा सोडवावं लागतं. एक्सेलमध्ये तीन-चार फेऱ्यांत उत्तर स्थिरावतं. प्रत्येक कापासाठी चिकटपणा गुणिले रुंदी, अधिक पाणी वजा केलेलं वजन गुणिले टॅन, ही बेरीज एका भाजकाने भागायची. तो भाजक म्हणजे कोनाचा कॉस, अधिक साइन गुणिले टॅन भागिले गुणांक. पायथ्याशी कोन तीव्र ऋण असेल तर हा भाजक फार लहान होतो आणि उत्तर बिघडतं. ०.२ च्या खाली गेला तर ते वर्तुळ विश्वासाचं नाही.

याच भरावाला बिशपने कोरडं उत्तर १.८८ येतं, पाण्यासह १.४६.

आता तिसरा बदल. पद्धत बिशपच, पाणी तेच, फक्त चिकटपणा १० ऐवजी ३ किलोपास्कल, म्हणजे दहा-पंधरा उन्हाळे-पावसाळे काढलेली माती. उत्तर १.०१.

हे आकडे शेजारी शेजारी ठेवून बघा. पद्धत बदलल्याने फरक ६ ते ८ टक्के. पाण्याने २२ टक्के. त्याच्यावर मऊ झालेल्या मातीने आणखी ३१ टक्के. आपण मात्र बैठकीत तासभर कोणतं सॉफ्टवेअर वापरलं यावर बोलतो, आणि चिकटपणाचा आकडा जुन्या अहवालातून उचलतो.

बाकीच्या पद्धती कधी लागतात

घसरपट्टी नेहमी वर्तुळाकार नसते. भरावाखाली कठीण मुरमावर काळ्या मातीचा पातळ थर राहून गेला असेल, तर घसरण त्या थरावरून सरळ जाते. तिथे जान्बूची पद्धत कोणत्याही आकाराला चालते. स्पेन्सरची १९६७ ची आणि मॉर्गनस्टर्न-प्राइस यांची १९६५ ची पद्धत जोरांचा आणि आघूर्णाचा (फिरवणाऱ्या जोराचा), दोन्ही तोल सांभाळतात. संगणकावर त्यांना जास्त वेळ लागत नाही, म्हणून अंतिम अहवालासाठी मी त्यांतली एक वापरतो आणि पडताळ्याला बिशप ठेवतो. दोघांत दहा टक्क्यांहून जास्त फरक आला तर आधी माझ्या मॉडेलमध्ये चूक शोधतो. बहुतेकदा सापडते.

फायनाइट एलिमेंटमध्ये घसरपट्टी आधी धरावी लागत नाही. मातीची ताकद टप्प्याटप्प्याने कमी करत न्यायची, ज्या भागाकाराला उतार कोसळतो तो गुणांक. पायलिंग, भिंत, टप्प्याचं खोदकाम असं काही गुंतलेलं असेल तर ती उत्तम. साध्या भरावाला ती लावून रंगीत चित्र मिळतं, उत्तर बिशपच्या आसपासच येतं.

खडीच्या खाणीच्या भिंतींना यातलं काही लावू नका. पाषाणात सांधे ठरवतात. सांध्यांची दिशा आणि कल मोजून स्टिरिओनेटवर, म्हणजे दिशा आणि कल एकत्र दाखवणाऱ्या गोल तक्त्यावर, मांडा, सपाट, पाचरीची आणि उलथण्याची घसरण तपासा. लाव्हाच्या दोन थरांमध्ये लाल मातीचा पट्टा दिसला तर त्याच्याकडे विशेष लक्ष द्या. तो आधी झिजतो आणि वरचा खडक अधांतरी राहतो.

सर्वांत वाईट वर्तुळ शोधणं

वरचं माझं वर्तुळ एक उदाहरण होतं. खरं उत्तर म्हणजे शेकडो वर्तुळांतलं सर्वांत कमी. केंद्रांची जाळी मांडा, प्रत्येक केंद्रावर त्रिज्या बदलत जा, गुणांकांच्या समान रेषा काढा. सर्वांत कमी आकडा जाळीच्या काठावर आला तर जाळी लहान पडली, वाढवा. सॉफ्टवेअर कधी कधी वीतभर खोलीचं वर्तुळ शोधून फार कमी गुणांक दाखवतं. त्याला हसून सोडू नका, ते वरच्या कातड्याची घसरण दाखवतं आहे. पण त्याच्याखाली दडलेलं खोल वर्तुळ किमान खोलीची अट घालून वेगळं शोधा.

माथ्यावर ताणाची भेग धरायला विसरू नका. आपल्या उदाहरणात तिची खोली साधारण १.५६ मीटर येते. ती पावसाने भरली तर प्रत्येक मीटर लांबीमागे सुमारे १२ किलोन्यूटनचा आडवा धक्का देते.

भूकंपही तपासायचा. किल्लारी सोलापूरपासून सरळ रेषेत शंभर किलोमीटरच्या आत आहे आणि ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट इथल्या जुन्या माणसांच्या लक्षात आहे. आयएस १८९३ च्या २०१६ च्या आवृत्तीत सोलापूर तिसऱ्या क्षेत्रात येतं. साध्या बांधाला वजनाच्या ठरावीक अंशाइतका आडवा जोर प्रत्येक कापावर लावून तेच गणित पुन्हा करतात.

आकडा आला, आता काय?

मातीच्या धरणांसाठी आयएस ७८९४ मध्ये दीर्घकाळ पाझरताना १.५, पटकन रिकामं होताना १.३ आणि भूकंपासह १.० असे किमान गुणांक आहेत. शेततळ्याला कुणी हे विचारत नाही. खाली वस्ती किंवा रस्ता असेल तर आपणच विचारावं. आणि एकच आकडा देऊ नका. चिकटपणा निम्मा केला तर किती, पाणी मीटरभर वर आलं तर किती, असे तीन-चार आकडे अहवालात शेजारी मांडा. १.५ वरून १.४ वर येणारा उतार आणि १.५ वरून १.० वर येणारा उतार सारखे नसतात.

कमी पडला तर उपायांचा क्रम माझ्याकडे ठरलेला आहे. आधी पाणी काढा: माथ्यावर गटार, पायथ्याशी टो ड्रेन (निचऱ्याची चर), भेगा बुजवून वर उतार. मग पायथ्याला वजन द्या, मुरमाचा बर्म (पायथ्याला टेकवलेला भराव) किंवा दगडाचा टो. मग उतार सपाट करा. खिळे, जाळ्या, भिंती यांचा विचार त्यानंतर. बर्म घालताना खाली गाळणीचा थर ठेवा. चिकण मातीचा बर्म घातला तर पाझरणारं पाणी आत कोंडतं आणि उपायच अपाय होतो.

शेततळ्याच्या बाबतीत हे आणखी सोपं आहे. दोन मीटरहून खोल उपसा एका आठवड्यात करू नका. कागदाखाली पायथ्याशी छिद्रांचा पाईप टाकून तो बाहेर काढा. त्यातून पाणी येऊ लागलं तर कागद कुठेतरी फुटला आहे हे दुसऱ्या दिवशी कळतं, घसरल्यावर नाही.

शेवटी माथ्यावर, भेगेच्या अलीकडे आणि पलीकडे, लोखंडी सळईच्या दोन खुंट्या काँक्रीटमध्ये ठोका. डोक्यावर करवतीने खाच पाडा. दोन खाचांमधलं अंतर पावसाळ्यात रोज सकाळी मिलिमीटरमध्ये मोजून तारखेसह लिहा. अंतर वाढतं आहे पण रोजची वाढ कमी होत चालली, तर टो ड्रेनचं काम उरकायला वेळ आहे. रोजची वाढ कालच्यापेक्षा जास्त येऊ लागली, तर त्याच दिवशी खालचा रस्ता बंद करा आणि माणसं हलवा.